तुम्ही विचारलेत म्हणून: मैफली सोडून मुलांना का शिकवते?

मैफलींची निमंत्रणे येत असताना ठाण्यात बसून लहान मुलांना पियानो शिकवण्यात उमेदीची वर्षे का घालवता, असे मला वारंवार विचारले जाते, आणि त्या प्रश्नातली हळहळ मला बोचते. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक स्वतः मैफली गाजवणारा पियानोवादक होता; तरीही १९२६ ते १९३९ या काळात त्याने अगदी नवशिक्यापासून सुरू होणाऱ्या १५३ रचना सहा भागांत लिहिल्या. ते काम त्याने दुय्यम मानले नाही, मग मी का मानावे?

घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाळेत मी शिकवत असे. तिथल्या सभागृहात एक जुना उभा पियानो होता. एका पावसाळ्यात दहावीच्या जादा तासांसाठी सभागृह हवे म्हणून तो जिन्याखाली हलवला गेला, आणि ‘याचे काही मार्क मिळत नाहीत’ हे वाक्य मुलांच्या देखत उच्चारले गेले. दमट हवेने लाकूड फुगले, पट्ट्या अडकू लागल्या, सूर उतरले-चढले, आणि महिनाभरात वाद्य निकामी झाले. सातवीतली एक मुलगी स्नेहसंमेलनासाठी तयारी करत होती. तिच्या घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड होता; त्याच्या पट्टीला वजन नव्हते आणि बोट हलके ठेवा की जोरात, आवाज तेवढाच येई. तिने मला विचारले, ‘‘मॅडम, मग आता हळू वाजवायला मी कुठे शिकू?’’ त्या संध्याकाळी दक्षिण मुंबईत माझी तालीम होती. मी तिला काहीही न सांगता निघाले, आणि तालमीत प्रत्येक हळुवार जागेपाशी तोच प्रश्न ऐकू येत राहिला.

त्यानंतर नौपाड्यातली माझी रियाजाची खोली, घरी पियानो नसलेल्या मुलांसाठी मी सकाळी उघडी ठेवू लागले. त्याची किंमत मी मोजते आहे, हेही सांगते. एखादा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायची मोठी रचना, बोटांत बसवायला महिनोन् महिने सलग सकाळी लागतात, आणि त्या आता माझ्या राहिलेल्या नाहीत. तरुणपणी मी ठामपणे म्हणत असे की कलावंताने उत्तम वाजवावे, शिकवणारे दुसरे असतात. ते मत मला आजही पूर्ण खोडता येत नाही, कारण मुलांनी उत्तम वादन समोर बसून ऐकले नाही तर त्यांनी शिकायचे तरी कशाच्या ओढीने? शिवाय त्या मुलीने नववीत पियानो सोडलाच.

पुढच्या हिवाळ्यातली एक मैफल मी नुकतीच नाकारली आहे. ती स्वीकारायला हवी होती, असे माझ्या घरात अजूनही म्हटले जाते, आणि कधीकधी मीही त्यांच्याच बाजूने बोलते.