कॉफी स्पर्धेची गुणपत्रिका: माझा अनुभव

आमच्या बागेतली कॉफी स्पर्धेत उतरवली. फॉर्म, फी, ठरल्या वजनाची हिरवी, म्हणजे न भाजलेली कॉफी हे सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते निकालानंतर.

पहिल्याच फेरीत आम्ही बाद. दोन ओळींचा मेल आला, 'सहभागाबद्दल आभार'. गुण नाहीत, शेरा नाही. विचारलं तर म्हणे गुण फक्त विजेत्यांचेच जाहीर होतात. अहो, जाहीर करा म्हणतंय कोण? माझ्या कॉफीचे मला कळवा, एवढंच मागणं होतं. ऑफिसला फोन केला की कागद परीक्षकांकडे, परीक्षकांच्या समन्वयकाला विचारलं की ऑफिसात. त्यात परीक्षण निनावी, सॅम्पलवर नाव नाही, फक्त कोड. कोणता कोड कुणाचा ही यादी एकाच माणसाकडे, आणि तो रजेवर! (म्हणून सांगतो, कोडचं स्टिकर लागताना दिसलं तर तिथेच फोटो काढा.) दरम्यान त्या लॉटची, म्हणजे सॅम्पल ज्यातून काढलं त्या सगळ्या मालाची पोती गोदामात अडकलेली, कारण जिंकलात तर अख्खा लॉट लिलावाला द्यावा लागतो, निकालापर्यंत विकायची सोय नाही. शेवटी नियमावलीतली 'प्रत्येक सहभागीला अभिप्राय दिला जाईल' ही ओळ फीच्या पावतीसकट मेलमध्ये डकवली आणि वरच्या साहेबांनाही प्रत पाठवली. संध्याकाळच्या आत गुणपत्रिका हजर. वाकडी स्कॅन केलेली, पण आली.

एकूण १०० पैकी ८२.५. म्हणजे ८० च्या वर, स्पेशालिटीत (उंची कॉफीत) बसणारी. पण खरी मेख खालच्या रकान्यात होती. एका सॅम्पलचे पाच कप लावतात. एकसारखेपणाला कपामागे २ गुण. आमचे १० पैकी ८, आणि समोर शेरा: 'एका कपात आंबूस झाक'. चार कप स्वच्छ, एकच बिघडलेला, म्हणजे दोष सगळ्या लॉटचा नव्हता, कुठेतरी थोडी वाईट फळं मिसळली होती. तोडणीची वही काढली. पावसात तोडलेली, पल्पिंगला (साल-गर काढायला) उशीर झालेली फळं याच लॉटमध्ये गेली होती. आता अशा पावसाच्या दिवसाचा माल वेगळा वाळतो. एवढं नेमकं निदान आजवर एकाही व्यापाऱ्याने केलं नव्हतं. त्यांचं आपलं 'छान आहे' आणि लगेच न्यूयॉर्कच्या बाजारातला साध्या कॉफीचा भाव.

स्पर्धा म्हटलं की सगळे २००४ च्या पनामाच्या गेशाचं (ही कॉफीची एक जात) उदाहरण देतात. एस्मेराल्डा मळ्याची ती कॉफी लिलावात पौंडाला २१ डॉलरला गेली, तेव्हा साधी अरेबिका एका डॉलरच्याही खाली होती. खरं आहे, पण तो मान पहिल्या नंबराचा. आमच्यासारख्यांचा फायदा वेगळा. ती वाकडी स्कॅन एका रोस्टरला (कॉफी भाजून विकणाऱ्याला) पाठवली. त्याने न्यूयॉर्कचं नावही काढलं नाही, ८२.५ वरून बोलणं सुरू केलं आणि पावसाचा माल वगळून उरलेल्या कॉफीचं सॅम्पल मागितलं. भावही बरा ठरला.

फी भरण्याआधीच लेखी विचारा, हरलो तरी गुणपत्रिका मिळणार का? टाळाटाळ झाली तर पैसे वाचवा. ओलावा १० ते १२ टक्क्यांत आहे ना, तेही सॅम्पल बांधण्याआधी मोजा. आणि त्याच लॉटचं एक पाकीट सील करून घरी ठेवा. गुणपत्रिका आली की तेच भाजून, दळून, उकळीच्या जरा खालच्या गरम पाण्यात स्वतः चाखून बघता येतं, शेरा खरा की परीक्षकांची लहर.