डावीकडे ओढणारी नवी हॅचबॅक : टायर किती, कॅम्बर किती, आतापर्यंतची नोंद

गाडी : पेट्रोल हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा तुळईसारखा भाग), इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग, ओडोमीटर हजाराच्या आत. तक्रार : सोलापूरहून निघून पुणे हायवेला केगाव मागे पडलं की डाव्या लेनमध्ये ८० च्या वेगाला स्टेअरिंगवरची पकड सैल करताच गाडी डाव्या पट्टीकडे निघते. अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन मोजल्याच्या) कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे परवानगीच्या आत. आणि हिरवे आकडे दाखवून गाडी परत पाठवली जाते, तिथेच बहुतेकांची तपासणी संपते. ती संपू नये म्हणून ही नोंद.

आधी तीन गोष्टी पक्क्या केल्या. गाडी सरळ धरली की स्टेअरिंगचे आरे सरळच राहतात, म्हणजे पुढचा टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) किंवा मागच्या चाकांचा थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा कोन) हा मुख्य संशयित नाही. पुढचा टो दोन्ही चाकं आपसात वाटून घेतात. त्याने स्टेअरिंग वाकडं बसतं, टायर घासतो, पण गाडी सहसा ओढत नाही. ब्रेक दाबल्यावर ओढ वाढत नाही. इंजिन चालू ठेवून क्षणभर न्यूट्रलला टाकलं तरी ओढ तेवढीच, म्हणजे टॉर्क स्टीअर (इंजिनच्या जोराने स्टेअरिंग ओढलं जाणं) नाही. लेन कीप असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला स्टेअरिंग आपणहून फिरवणारी सोय) असलेल्या गाड्यांमध्ये ते बंद करूनच ही परीक्षा घ्या, नाहीतर ते मधे हात घालतं.

हवा. यार्डातून आलेल्या नव्या गाडीत हवा बहुतेकदा जास्त असते आणि चारही चाकांत सारखी नसते. या गाडीत पुढचं डावं ३८, पुढचं उजवं ४१, मागची दोन्ही ४० पीएसआय होती; दारावरच्या स्टिकरवर ३३. पुढच्या जोडीत कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते, तेव्हा ३ पीएसआयचा हा फरक डावीकडेच मदत करत होता. चारही ३३ केल्यावर ओढ थोडी कमी झाली, गेली नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कधी मोजता याला फार महत्त्व आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की १ पीएसआय चढतो. पहाटे २७ आणि दुपारी ४२ अंश असेल तर नुसत्या उन्हाने अडीच-तीन पीएसआयचा फरक पडतो. शिवाय एका बाजूने ऊन खात उभ्या गाडीच्या त्या बाजूच्या टायरांत दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त हवा दिसते. दुपारी ती "सारखी" करून घेतली की रात्री गाडी थंड झाल्यावर नेमकी उन्हाची बाजू कमी भरते. म्हणून पहाटे, गाडी किमान तीन तास उभी असताना, चारही चाकं एकाच गेजने मोजायची. पंपावरचा गेज आणि घरचा गेज यांची रीडिंग एकत्र करू नका.

रस्ता. डांबरी रस्त्याला पाणी वाहून जायला २ ते २.५ टक्के आडवा उतार देतात. एक मीटरच्या लेव्हलपट्टीखाली २० ते २५ मिलीमीटर, मोबाइलच्या लेव्हलवर १.१ ते १.४ अंश. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे निर्दोष गाडीही हळूहळू डावीकडे सरकणारच. "येताना उलटी ओढते का बघ" हा सल्ला दुभाजकाच्या हायवेवर निरुपयोगी आहे : मोहोळकडे जाताना आणि सोलापूरकडे येताना, दोन्ही वेळा उतार डावीकडेच. उजव्या लेनमध्ये गेलं तरी तोच उतार, कारण सरळ भागात दुभाजकापासून कडेपर्यंतचा अख्खा पट्टा सहसा एकाच बाजूला उतरता असतो. वर डाव्या लेनमध्ये जड ट्रकांनी पाडलेले चाकोऱ्यांचे खड्डे आणि हंगामात उसाच्या डबल ट्रॉल्या. रुंद टायर त्या चाकोरीची कड धरून चालतो आणि माणसाला वाटतं गाडी ओढते.

म्हणून मोजमाप हायवेवर केलं नाही. मोठं, पक्कं, मोकळं मैदान, मालकाची परवानगी, वारा सुटायच्या आधीची सकाळ. एकाच रेषेवर जाताना आणि येताना दोन्ही रीडिंग घेऊन सरासरी काढली की मैदानाचा उरलासुरला उतार आणि वारा आपोआप वजा होतो.

मोजायचं कशाने? शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो १ किलोचा स्प्रिंगकाटा. वेग ४० पुरे, कारण टायरच्या घडणीतून येणारा आडवा जोर वेगावर फारसा अवलंबून नसतो. स्टेअरिंगच्या कड्याला मऊ पट्टा बांधायचा. शेजारी बसलेल्याने काटा स्वतःकडे, म्हणजे डावीकडे ओढायचा. पट्टा कड्याच्या तळाशी असेल तर चाक उजवीकडे वळतं, म्हणून डावी ओढ तळाशी मोजायची. उजवी ओढ माथ्याशी. एअरबॅगच्या झाकणासमोर काटा किंवा हात नको, आणि चालवणाऱ्याचे हात कड्याला लागूनच. गाडी सरळ राहते तो आकडा लिहायचा. इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये घर्षण असतं, त्यामुळे ओढ सुटते तो आणि धरते तो असे दोन आकडे येतात. त्यांचा मध्य धरा. रस्त्यावर हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

हवा सारखी केल्यानंतरचं रीडिंग : डावीकडे ३०० ग्रॅम.

पुढची पायरी टायर बदलायच्या आधीची. दहा-बारा किलोमीटर ब्रेक जवळपास न वापरता चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने डिस्क मोजल्या. डावी ५८, उजवी ५५ अंश, ठीक. एका बाजूला वीस-तीस अंश जास्त आले असते तर कॅलिपरच्या स्लायडर पिन आणि पॅड बघावे लागले असते. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून सरळ केलं, मग उजवीकडे पूर्ण फिरवून सरळ केलं. दोन्हीनंतर ओढ तीच. ज्या बाजूला शेवटचं वळलं त्याच बाजूला गाडी ओढत राहिली असती तर स्ट्रटच्या माथ्याचं बेअरिंग अडकतंय असं धरलं असतं. पुढची चाकं जॅकवर उचलून इंजिन चालू केल्यावर स्टेअरिंग आपणहून फिरत नाही, म्हणजे स्टेअरिंगवरचा जोर ओळखणाऱ्या टॉर्क सेन्सरचा शून्यही ठीक दिसतो.

आता मुख्य काम : पुढची डावी-उजवी चाकं अदलाबदल. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका; तिथे पुढचं-मागचं त्याच बाजूला बदलावं लागतं. स्टेपनी लहान मापाची असेल तर तीही चाचणीत नको. बोल्ट चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचे (बहुतेक लहान गाड्यांत १०० न्यूटन-मीटरच्या आसपास) आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

रीडिंग उलटं झालं : उजवीकडे १०० ग्रॅम.

रेडियल टायरमधला स्टीलचा पट्टा बनवताना मध्यापासून जरा सरकला की टायर शंकूसारखा वागतो, यालाच कोनिसिटी म्हणतात. असा टायर कोणत्याही दिशेने फिरला तरी स्वतःच्या ठरावीक बाजूला जोर देतो, म्हणून चाक दुसऱ्या बाजूला गेलं की ओढही दुसऱ्या बाजूला जाते. कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा झुकाव; माथा बाहेर असेल तर धन, आत असेल तर उणे) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा मागे झुकलेला कोन) मात्र गाडीबरोबर जागच्या जागी राहतात. प्लायस्टीअरही (टायरच्या पट्ट्यातल्या तिरप्या तारांमुळे येणारा आडवा जोर) अदलाबदलीने उलटत नाही. म्हणजे डावी ओढ धन धरली तर पहिल्या रीडिंगमध्ये टायर अधिक गाडी बरोबर ३००, दुसऱ्यात गाडी वजा टायर बरोबर उणे १००. सोडवलं की गाडीचे १०० ग्रॅम डावीकडे आणि टायरचे २००. तीन भागांतले दोन टायरचे. नुसतं "टायर बदलून बघितलं, थोडा फरक पडला" एवढ्यावर थांबलं असतं तर हे वेगळं काढताच आलं नसतं, म्हणून काट्याचा आग्रह.

दोघांपैकी दोषी कोणता? मुळात डावीकडे असलेलं चाक आता उजवीकडे होतं. ते उजव्या मागच्याशी बदललं. ओढ डावीकडे ११० ग्रॅम, हिशेबातल्या १०० च्या अगदी जवळ. टायर सापडला. मागे तो फारसं बिघडवत नाही, कारण मागचं चाक स्टेअरिंगला जोडलेलं नाही. नव्या गाडीच्या टायरची वॉरंटी बहुधा कार कंपनीची नसते, टायर कंपनीची असते. त्यामुळे बाजूवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा क्रमांक (३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा), चारही चाकांची हवा आणि तिन्ही रीडिंग लिहून ठेवली आहेत. तक्रार करताना "गाडी ओढते" एवढंच म्हणू नका. कोणतं चाक कुठून कुठे नेल्यावर काय झालं ते सांगा.

उरलेले १०० ग्रॅम त्या हिरव्या कागदावरच सापडले. डावा कॅम्बर उणे ०°०५′, उजवा उणे ०°३७′. परवानगी उणे ०°१५′, अधिक-उणे ४५′. दोन्ही हिरवे, पण आपसातला फरक ३२′, म्हणजे अर्ध्या अंशाच्या वर, आणि गाडी ज्या चाकाचा कॅम्बर जास्त धन असतो त्या बाजूला ओढते. याच परवानगीत एक चाक अधिक ०°३०′ आणि दुसरं उणे १°००′ असलं तरी दोन्ही हिरवेच दिसले असते, दीड अंशाच्या फरकासह. म्हणून प्रिंट घेताना क्रॉस कॅम्बर आणि क्रॉस कॅस्टर (डाव्या-उजव्या चाकांतला फरक) मागा, दुरुस्तीआधीचे आकडेही मागा. कॅस्टर मोजायला चाकं टर्नटेबलवर दोन्ही बाजूंना वळवावी लागतात. घाईत ही पायरी गाळली जाते आणि कागदावर रकाना रिकामा राहतो. इथे ती आग्रहाने करून घेतली : डावा ३°१०′, उजवा ३°२०′. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, पण १०′ नगण्य.

या गाडीत कॅम्बरला वेगळं ॲडजस्टमेंट नाही, कारखान्याच्या रचनेत फक्त टो बदलता येतो. तरी सबफ्रेमचे (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं त्या चौकटीचे) बोल्ट सैल करून ती डावीकडे सरकवली तर डाव्या चाकाचा तळ बाहेर जातो आणि उजव्याचा आत येतो. खालच्या बॉल जॉइंटपासून स्ट्रटच्या माथ्यापर्यंत ६०० मिलीमीटर धरले तर १ मिलीमीटरला साधारण ६′. तीन मिलीमीटर सरकवली की दोन्ही उणे ०°२०′ च्या आसपास येतील. जागेवर बसवणारी पिन असेल तर सबफ्रेम हलत नाही. मग स्ट्रट आणि नकल (चाकाचं हब धरणारा भाग) यांमधल्या दोन बोल्टांच्या भोकातली ढिलाई, किंवा बारीक दांड्याचे कॅम्बर बोल्ट. नवी गाडी वॉरंटीत आहे, त्यामुळे हे काम सर्व्हिस सेंटरकडूनच, लेखी जॉब कार्डवर "क्रॉस कॅम्बर ३२′" असा आकडा लिहून. ठरावीक कोनात फिरवून आवळायचे बोल्ट असतील तर नवेच लागतील. कॅम्बर हलला की टो हलतो, म्हणून शेवटी टो आणि स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा, आणि त्यानंतर त्याच मैदानावर काट्याचं रीडिंग.