आमची वाटचाल: प्लगपासून पाकिटापर्यंत

आमची फर्म म्हणजे आम्ही तिघं. मी, माझा मावसभाऊ आणि एक रिपेअर करणारे काका, जे पगारापेक्षा हौसेखातर जास्त येतात. जुन्या संग्राह्य वस्तू घ्यायच्या, साफ करायच्या, ओळखून खात्री करायची आणि विकायच्या, एवढाच धंदा. सुरुवात केली ती जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हिडिओ गेमचे कन्सोल असल्या प्लगवाल्या मालातून. आज आमच्याकडे प्लग लावायची वस्तू जवळजवळ नाही, आणि ती का नाही हेच लिहायला बसलोय.

पहिला दणका बसला तो एका कन्सोलच्या लॉटने. वरून माल एकदम नवाकोरा, डबे सुद्धा ओरिजिनल, आम्ही खूश. खोलून बघतो तर आत कोणीतरी वर्षानुवर्षं सेल तसेच ठेवलेले, ते फुटून पांढरट हिरवी बुरशीसारखी पावडर सगळ्या पट्ट्यांवर चढलेली. काका व्हिनेगर लावून कापसाच्या काडीने दोन दिवस घासत बसले, निम्मे वाचले. वर असला माल नुसता ठेवून चालत नाही, अधूनमधून चालू करावा लागतो नाहीतर कॅपॅसिटर जातात, आणि बेल्ट तर रबराचाच, तो वितळून चिकटतो. म्हणजे वस्तू आम्ही सांभाळत नव्हतो, वस्तूच आम्हाला राबवत होती. विकतचं दुखणं!

मग म्हटलं कागदाकडे वळू. पोस्टाची तिकिटं, नोटा, पोस्टकार्डं. त्यासाठी मोठी खोली, चोवीस तास एसी, हवेतला ओलावा ओढणारे तीन डीह्युमिडिफायर. आणि एकदा मोठा ब्रेकडाऊन होऊन चार दिवस वीज नव्हती, खोली बंद, हवा दमट, उघडून बघतो तर मिंट, म्हणजे न वापरलेल्या कोऱ्या तिकिटांच्या शीट एकमेकींना चिकटलेल्या. मिंट तिकिटाची किंमत मागच्या गमसकट असते, पाण्यात टाकून सुटी केली तर गम गेला आणि किंमतही गेली. त्या रात्री आमच्या डोक्यात प्रकाश पडला, अंधारातच. आम्ही वस्तूचा भाव लावत होतो पण ती जपायला किती वीज खाते हे हिशोबातच धरत नव्हतो.

पुढे एनर्जी महाग आणि कमी होणार असेल तर संग्राह्य वस्तूंचं काय होणार, असं गिऱ्हाईकं सारखं विचारतात. बहुतेकांना ऐकायचं असतं की भाव वाढणार. मी म्हणतो जरा मागे बघा. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची निर्यातबंदी केली आणि काही महिन्यांत कच्चं तेल पिंपाला ३ डॉलरवरून ११-१२ डॉलरवर गेलं. महागाईला घाबरून लोक वस्तूंकडे धावले, ब्रिटिश रेलच्या पेन्शन फंडाने सुद्धा १९७४ पासून चित्रं आणि जुन्या दुर्मिळ वस्तू घ्यायला सुरुवात केली, सुमारे ४ कोटी पौंड त्यात घातले. त्यातली चित्रं नंतर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ऐन तेजीत विकली गेली म्हणून हिशोब बरा जमला. पण त्याच लाटेत चांदी बघा, जानेवारी १९८० मध्ये औंसाला ५० डॉलरच्या आसपास आणि २७ मार्चला ११ च्या खाली. चढत्या भावाच्या नादात लोकांनी जुनी चांदीची नाणी, भांडी पोत्याने वितळवायला दिली होती, ती काही परत आली नाहीत. तिकिटांच्या बाजारातही तेव्हा गुंतवणूकवाले घुसले होते, ते निघून गेल्यावर साधी तिकिटं कोणी विचारेना. मला यातून एकच कळतं की टंचाई आली की गुंतवणूकवाले आधी येतात, खरे हौशी मागून, आणि हौसेला मोल नाही हे खरं असलं तरी हौस बिलं भरून झाल्यावरच येते.

पण टंचाई स्वतःच दुर्मिळ वस्तू तयार करते, ही गंमत वेगळीच. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला अमेरिकेने १९४३ चा सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचा काढला, चुकून थोडे तांब्याच्या मिश्रधातूचे छापले गेले, आज तेच सेंट लोक शोधत फिरतात. त्याच काळात रद्दी गोळा करायच्या मोहिमांत कॉमिक्सचे गठ्ठे गेले, म्हणून उरलेल्यांना आज एवढा भाव. कोणी ठरवून केलेलं नाही हे.

माझ्या आवडीची वस्तू मात्र एक नोट आहे. १९२३ साली जर्मनीत मार्कला काही किंमत उरली नव्हती, तेव्हा काही ठिकाणी लोकांचा विश्वास बसावा म्हणून नोटेची किंमत धान्यात, कोळशात किंवा चक्क विजेत छापली. आमच्याकडच्या नोटेवर आकड्यापुढे मार्क नाही, किलोवॅट-तास, म्हणजे आपलं विजेचं युनिट लिहिलंय. कडा थोड्या मऊ झाल्यात, मधे घडीची रेघ आहे, उजेडात धरली की रेघेवर दोन बारीक छिद्रं दिसतात. ज्या विजेच्या नावावर ती निघाली ती कधीच वापरून संपली, आणि तिची नोट शंभरेक वर्षं एक युनिट न खाता पडून आहे.

आता माल घेताना आम्ही फक्त एवढंच बघतो की अंधारात, एसीशिवाय, दहा वर्षं ठेवली तर काय उरेल आणि पाठवायला पाकीट पुरेल का. एकदा चावीचा ग्रामोफोन विकायला काढला, वस्तू फर्स्ट क्लास, विजेची गरजच नाही, पण वजन एवढं की डिझेल महागलं तेव्हा पाठवणावळ ऐकून गिऱ्हाईकच पळालं. चावीची घड्याळं मात्र घेतो, सर्व्हिसिंग लागतं पण ते काकांच्या हाताने होतं. डिजिटल कलेक्टिबलचं, म्हणजे फक्त कॉम्प्युटरवर असणाऱ्या संग्राह्य वस्तूंचं विचाराल तर ज्या ब्लॉकचेनवर, म्हणजे मालकीच्या नोंदी ठेवणाऱ्या नेटवर्कवर, त्यातल्या बऱ्याच चालतात त्या इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलून विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त कमी केला हे मान्य, पण सर्व्हर बंद तर दाखवणार काय, म्हणून आम्ही त्या वाटेला जात नाही. हे माझं मत, मावसभावाचं वेगळं आहे आणि त्यावरून भांडणं होतात.

कागद आता आतल्या खोलीत ठेवतो, बाहेरच्या भिंतीपासून लांब, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, डब्यात सिलिका जेल, ते ओलावलं की गरम करून परत टाकायचं. अजून तरी एकही शीट चिकटलेली नाही. तीनही डीह्युमिडिफायर विकायला काढलेत, वर्ष झालं, गिऱ्हाईक नाही.