मायची आहेराची वही

शनिवार, रात्री

आज कोठीची खोली आवरायला घेतली. मधघर कालच झालं, तिथे काही विशेष नव्हतं, गोधड्या, आबांचा बंद पडलेला रेडिओ, बीपीच्या गोळ्या, पासबुकं, गॅसचं पुस्तक. कागद सगळे दादाने एका पिशवीत भरले. मायच्या मृत्यूचा दाखला मिळालाय, आता तीन महिन्यांच्या आत वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गावात कोण म्हणतंय), मग नोटिशीचे 15 दिवस, मग फेरफार. ते दादा बघणार आहे. त्याला सुरतहून रजा मिळत नाही, रात्रीच्या गाडीत बसतो, पहाटे अमळनेरला उतरतो, दोन दिवसांत जेवढं होईल तेवढं करतो आणि परत.

घर धाब्याचं आहे, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छत. दरवर्षी पावसाच्या आधी वर खारी माती टाकावी लागते नाहीतर धो धो गळतं, माय शेवटपर्यंत स्वतः उभी राहून टाकून घ्यायची, मजुराने टोपली नीट पसरवली नाही की स्वतः शिडी चढायची. आता कोण टाकणार? दादा म्हणतो पाडून स्लॅब टाकू. एक लाकडाचा व्यापारी पण येऊन सागाच्या कड्यांवर टकटक करून गेला, मायचे दिवस होऊन महिनाही झाला नाही आणि हा माणूस भाव करतोय, मला जाम राग आला पण बोलले नाही. बोलायचं तर ते दादाने बोलायला पाहिजे होतं.

कोठीच्या खोलीत दादर ज्वारीचं अर्धं पोतं निघालं, बिबड्यांचा डबा निघाला (ज्वारीचे पापड, मागच्या उन्हाळ्यातले, एक भाजून खाल्ला, लसूण जरा जास्तच आहे, तिचा हात तसाच होता), मांडे भाजायचं मातीचं खापर निघालं. खापर ना वहिनीला पाहिजे ना मला, फ्लॅटमध्ये चूल कुठे पेटवणार, शेजारच्या नानीला देऊन टाकलं. आणि मग भांडी.

भांडी म्हणजे किती असावीत! पितळी हंडे, घागरी, परात, स्टीलचे गंज, वाट्या तर विचारू नका. प्रत्येकावर नाव. बुडाला नाहीतर काठाला बारीक ठिपक्या ठिपक्यांनी टाकलेलं, अमक्याकडून सप्रेम भेट, दि. 12-5-84. मी आणि वहिनी ओसरीवर ढीग घालून बसलो आणि ती वाचत गेली, मी सांगत गेले, ही मामी, ही आबांची आत्या, हे शिरपूरचे. एका परातीवर दोन नावं आहेत, एक घासून पुसट केलंय आणि त्याच्यावर दुसरं टाकलंय, म्हणजे त्यांना कोणाकडून तरी आलेली परात त्यांनी आम्हाला आहेर केली. वहिनी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, मग दोघी थोडा वेळ गप्पच बसलो.

वही खरं तर त्या परातीमुळे सापडली. मी म्हटलं मायने हे नक्की लिहून ठेवलं असणार, आणि पेटीत लुगड्यांच्या खाली होती, माझ्याच शाळेची जुनी शंभरपानी, मागची पानं कोरी होती म्हणून तिने वापरली. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, मोठं, ओळ सोडून खाली उतरणारं. एका बाजूला आलं, दुसऱ्या बाजूला दिलं. टॉवेल टोपी 1. रोख 11. लुगडं 1, आणि पुढे कंसात "हलकं". परात 1, "जुनी". म्हणजे कळलं होतं तिला! पण कोणाला बोलली नाही, आणि त्यांच्याकडच्या लग्नात दिलं काय तर नवीन परात. परत केलं की लाल पेनाने बरोबरची खूण. पुढे पुढे 11 चे 51 होतात, 101 होतात, आबा गेले त्या पानावर तर आहेरच नाही, दारवर, म्हणजे सांत्वनाला, कोण कोण आलं, पहिल्या दिवशी भाकरी कोणाच्या घरून आली, एवढंच.

दादाला दाखवली तर म्हणतो, "बठ्ठं लिखी ठेयेल शे मायनी!" (सगळं लिहून ठेवलंय मायने) आणि मग म्हणतो, "ही तूच ठेव बेन, सोयऱ्यांचं लग्नकार्य तुलाच कळतं."

आता गंमत बघा. दुपारीच काका येऊन बसले होते, चहा पिता पिता विषय काढला की शेताचं हक्कसोड करून टाक, भावाचं मन राहतं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) हक्काने माहेरी येता येतं. म्हणजे सातबारा दादाकडे आणि देणं माझ्याकडे. मी काही भांडले नाही, पण सहीही केली नाही. आईच्या नावावरच्या शेतात मुलगा मुलगी सारखेच वारस, वडिलोपार्जित जमिनीतही 2005 पासून मुलीचा बरोबरीचा हक्क आहे, हे काकांना माहीत नाही असं नाही, त्यांच्या मुली अजून लहान आहेत म्हणून सोपं वाटतं. आणि आखाजीला झोका बांधून द्यायची ती माय, माहेर तिच्यामुळे होतं, सहीचा काय संबंध. दादा त्यावेळी खाली मान घालून मोबाईल बघत होता. रात्री जेवताना मात्र म्हणाला, नोंदीत तुझं नाव टाकतोय, पुढचं पुढे बघू. "पुढचं" म्हणजे काय ते मीही विचारलं नाही.

वहीत लाल खूण नसलेली नोंद शेवटी एकच राहिलीय. पारोळ्याची मंडळी, माझ्या लग्नात पितळी हंडा दिलेला, दोन माणसांनी धरून मांडवात आणलेला मला आठवतो. त्यांच्याकडे एवढ्या वर्षांत कार्यच निघालं नाही. आता नातीचं लग्न आहे, पत्रिका व्हॉट्सॲपवर आलीय, खाली छापलंय कृपया आहेर आणू नये. वहिनी म्हणते छापलंय ना, मग संपलं. मावशी फोनवर म्हणाली छापतात सगळेच, घेतात पण सगळेच. दादा म्हणतो जीपे कर. अरे नवरीच्या आजीने हंडा दिलेला, तिला काय जीपे करू?

भांड्यांच्या दुकानात फोन करून भाव विचारला, पितळ किलोवर आहे आणि महाग आहे, पण घेणार. पैसे दोघांनी निम्मे निम्मे. हंड्यावर काकांच्या मते दादाचं एकट्याचं नाव हवं, घराचं नाव म्हणून. मी म्हटलं निम्मा हंडा माझा आहे, दोघांचं टाकायचं. ते दादाला मान्य झालं, आधी कोणाचं यावर अजून चालू आहे.