स्क्रीनविना सुट्टी: मुलं तासभर रमतात ते खेळ

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरात सामान येऊ लागतं: रंगवायची पुस्तकं, तयार क्राफ्ट किट, कोडी. दोन दिवस बरे जातात आणि मग ‘आता काय करू?’ सुरू होतं. यात मुलांचा दोष नसतो. किटमध्ये एकच बरोबर उत्तर असतं, खोक्यावरच्या चित्रासारखी वस्तू तयार झाली की खेळ आटोपला. मूल रमतं ते जिथे स्वतः काहीतरी बदलून बघता येतं आणि बदलाचा परिणाम लगेच डोळ्यांसमोर दिसतो तिथे. खेळ निवडताना मुलाला यात काय काय बदलता येईल, एवढंच विचारावं. उत्तर ‘फक्त रंग’ असेल तर तो खेळ अर्ध्या तासाचा.

या कसोटीवर सगळ्यात वर बसते ती गोटीची घसरण. लागतं ते असं: फॉइलच्या किंवा टिश्यूच्या रोलच्या आठ-दहा रिकाम्या नळ्या, मास्किंग टेप, कात्री, चार गोट्या आणि मोठा खोका उलगडून केलेला साधारण १ मीटर उंचीचा पुठ्ठा. नळी उभी कापली की दोन पन्हळी मिळतात. पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा करायचा आणि पन्हळी त्यावर नागमोडी चिकटवत खाली यायचं. पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका. ती काढताना पुठ्ठ्याचा कागद सोलून निघतो, आणि इथे तर प्रत्येक तुकडा पाच-सहा वेळा काढून लावावा लागतो. मास्किंग टेप सहज सुटते. धूळ असलेल्या पुठ्ठ्यावर मात्र तीही टिकत नाही, म्हणून आधी फडकं मारून घ्या.

३० सेंटिमीटरच्या पन्हळीला ३ ते ५ सेंटिमीटर उतार पुरतो. मुलं हमखास जास्त देतात. मग गोटी वळणावर पोचते तेव्हा तिचा वेग इतका असतो की ती सरळ बाहेर उडते. अशा वेळी वळणाआधीचा तुकडा थोडा सपाट करायचा किंवा वळणाच्या टोकाला पुठ्ठ्याची चार-पाच सेंटिमीटरची आडवी भिंत लावायची. दुसरी अडचण जोडाची. छपरावरच्या कौलांसारखं वरच्या पन्हळीचं टोक खालच्या पन्हळीच्या आत टेकलं पाहिजे. उलटं झालं तर गोटी कडेला अडून थांबते. तिसरी म्हणजे टेप फक्त खालून लावणं. चार वेळा गोटी गेली की पन्हळ झुकते आणि उतार बदलतो. टेप खालून झोळीसारखी घेऊन दोन्ही टोकं पुठ्ठ्यावर चिकटवली की ती हलत नाही.

मोठ्यांनी सांगावी अशी सूचना इथे एकच आहे: एक तुकडा लावा, गोटी सोडून बघा, मगच पुढचा लावा. दहाही तुकडे लावून मग गोटी सोडली तर चूक कुठल्या तुकड्यात आहे ते कळत नाही, आणि मूल वैतागून उठतं. घसरण एकदा चालू लागली की आव्हान उलटं करा. आता गोटी खाली यायला जास्तीत जास्त वेळ लागला पाहिजे. इथून खरी मजा सुरू होते. उतार कमी करणं सगळ्यांना सुचतं, पण फार कमी केला तर गोटी थांबते. मग पन्हळीत कापडाची पट्टी चिकटवून बघता येते. पुठ्ठ्याचा वरचा कागद किंचित ओला करून सोलला की आतल्या नालीदार रेघा उघड्या पडतात, त्यावरून गोटी खडखडत सावकाश उतरते. हातात घड्याळ दिलं की नऊ-दहा वर्षांचं मूल सेकंद मोजत बसतं आणि जेवायला हाक मारावी लागते.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर गोट्या नकोत. टिश्यूच्या रोलच्या नळीतून आरपार जाते ती वस्तू त्याच्या घशात अडकू शकते. त्याच्यासाठी नळीत न मावणारा हलका चेंडू घ्या आणि पन्हळीऐवजी पुठ्ठ्याची रुंद घसरगुंडी करा.

मोठे साबणाचे फुगे हा दुसरा खेळ, सकाळचा. ६ कप पाणी, १ कप भांडी घासायचं लिक्विड, १ ते २ मोठे चमचे ग्लिसरीन. सावकाश ढवळायचं, कारण फेस झाला की दोरीला फेसच चिकटतो आणि पडदा नीट धरत नाही. मिश्रण रात्रभर ठेवलं तर फेस बसतो. ग्लिसरीनचं काम पाणी उडून जाण्याचा वेग कमी करण्याचं. फुग्याच्या पडद्यातलं पाणी जसजसं कमी होतं तसतसा तो पातळ होऊन फुटतो. त्यामुळेच भर दुपारी कोरड्या, गरम हवेत हा खेळ फसतो आणि सकाळच्या दमट, शांत हवेत जमतो. लिक्विड निरनिराळं असतं, म्हणून ठरावीक प्रमाणाला चिकटून राहू नका. तीन बरण्यांमध्ये साबण कमी-जास्त घेऊन मुलांनाच तुलना करू द्या.

फुगा काढायला अर्ध्या मीटरच्या दोन काठ्या आणि सुती दोरी लागते. नायलॉनची दोरी पाणी धरत नाही, ती चालत नाही. काठ्यांच्या टोकांमध्ये वर ५० सेंटिमीटर दोरी आणि खाली त्याच्या दुप्पट लांबीची दुसरी दोरी बांधायची. खालच्या दोरीत मधोमध एक लोखंडी नट ओवला की ती वजनाने ताणून राहते आणि त्रिकोण तयार होतो. दोरी पूर्ण बुडवायची, काठ्या जुळवून वर काढायच्या, मग हळूहळू उघडत मागे चालायचं. फुगा मोठा झाला की काठ्या पुन्हा जुळवायच्या, तो सुटतो. नेमकी इथेच घाई होते. मिश्रण सांडलं की फरशी निसरडी होते, त्यामुळे हा खेळ माती किंवा गवतावरच.

बाहेर ऊन तापलं की अंधाऱ्या खोक्याची वेळ. बुटांच्या खोक्याच्या एका लहान बाजूला चौकोनी खिडकी कापून तिथे फॉइल चिकटवा आणि त्याला सुईने भोक पाडा. समोरची बाजू कापून ट्रेसिंग पेपर लावा. खोलीत अंधार करून, डोक्यावर जाड चादर घेऊन, भोक उघड्या खिडकीकडे धरलं की ट्रेसिंग पेपरवर बाहेरचं झाड उलटं दिसतं. काहीच दिसत नसेल तर बहुतेक खोक्याच्या फटींतून उजेड आत येत असतो, त्या काळ्या कागदाने बंद करा. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण धूसर होतं. दोन भोकं पाडली तर दोन झाडं दिसतात. हे सांगून टाकू नका, मुलांना सापडू द्या. भोकातून सूर्याकडे बघायचं नाही, हे मात्र आधीच बजावून ठेवा.

मिठाच्या कणकेचे प्रकार सगळीकडे सांगितले जातात, म्हणून थोडक्यात: २ कप पीठ, १ कप बारीक मीठ, पाऊण ते १ कप पाणी थोडं थोडं घालत, आणि आठ-दहा मिनिटं मळणं. वस्तू १ सेंटिमीटरपेक्षा जाड झाली तर बाहेरून आधी सुकते आणि तडकते. मोठं काही करायचं असेल तर आत चुरगळलेल्या फॉइलचा गोळा ठेवा. घरात कुत्रा असेल तर ही कणीक त्याच्या तोंडाशी येणार नाही असं बघा, एवढं मीठ त्याला घातक ठरू शकतं.

सामानाइतकंच महत्त्व ते कधी आणि कसं पुढे येतं याला आहे. मूल स्क्रीनसमोर बसल्यावर ‘ते बंद कर, हे कर’ म्हटलं की खेळ शिक्षेसारखा वाटतो. सकाळी स्क्रीन सुरू व्हायच्या आधीच पुठ्ठा आणि दोन पन्हळी जमिनीवर मांडून ठेवा. बोलावू नका, स्वतः खाली बसून एक गोटी सोडा. दहा मिनिटं सोबत बसा आणि उठा. सुरुवातीचा पाव-अर्धा तास कुरकुर होईल, ती होऊ द्या. त्या वेळात नवीन सामान पुढे केलं तर कुरकुर केली की काहीतरी मिळतं, एवढंच मूल शिकतं. एका दिवशी एकच खेळ काढा. आणि संध्याकाळी आवरायची घाई करू नका. अर्धवट घसरण रात्रभर तशीच उभी राहिली तर सकाळी उठल्यावर मूल आपणहून तिच्याकडे जातं.

वेगवेगळ्या वयाची दोन मुलं असतील तर एकच पुठ्ठा देऊन ‘मिळून खेळा’ म्हणू नका. धाकट्याकडे चेंडू सोडण्याचं आणि मोजण्याचं काम, थोरल्याकडे बांधणीचं. तरीही थोरल्याला घटकाभर एकट्याने बांधायला मिळालं पाहिजे. त्या वेळात धाकट्याला वेगळ्या जागी बादलीभर पाणी, दोन मग आणि एक गाळणी द्या, आणि पाण्याजवळ त्याला एकटं सोडू नका.