फ्लॉवर कार अपडेट: डेक निघाला, खालचा गंज दिसला

मंडळी, हिवाळा संपत आलाय आणि माझ्या १९६९ च्या सुपीरियर कंपनीच्या फ्लॉवर कारचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. फ्लॉवर कार म्हणजे अमेरिकेत अंत्ययात्रेत फुलं नेण्यासाठी मुद्दाम बांधलेली गाडी, पुढून बघितली तर कॅडिलॅक कूप, मागे पिकअपसारखा उघडा हौदा आणि त्यात फुलं ठेवायचा स्टेनलेस स्टीलचा डेक. ही शववाहिकेच्याही पुढे निघायची, कारण घरची माणसं दफनभूमीत पोचायच्या आत फुलं तिथे मांडून झालेली असायला हवीत. काही गाड्यांत डेक हायड्रॉलिकने वरखाली व्हायचा, काहींत डेकखाली शवपेटी मावेल एवढी जागा असायची, म्हणजे गरज पडली तर तीच गाडी शववाहिका. मोठ्या शहरांतली मोठी फ्युनरल होम्सच ही चैन करू शकायची त्यामुळे मुळातच कमी बनल्या, आणि पुढे "फुलांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्या" अशी पद्धत पडत गेल्यावर आणखीच कमी झाल्या.

मी ओहायोत राहतो हे माझं नशीबच म्हणायचं, कारण अशा गाड्या बांधणाऱ्या कंपन्या इथेच होत्या. आय-७५ हायवे धरला की दक्षिणेला सिनसिनाटीत हेस अँड आयझेनहार्ट, डेटनच्या थोडं वर पिक्वात मिलर-मिटीऑर, अजून वर लायमात सुपीरियर. थोडं बाजूला बेलफाउंटनला ए. जे. मिलर, जी नंतर मिटीऑरबरोबर एक झाली, आणि लाउडनव्हिलला फ्लेक्सिबल, ज्यांनी सुरुवात मोटारसायकलच्या साइडकारपासून केली होती. अमेरिकेतल्या शववाहिका आणि जुन्या अँब्युलन्सचा केवढा मोठा हिस्सा या एका राज्यातून निघालाय बघा. केनेडींना गोळी लागली तेव्हा ते ज्या लिंकनमधे बसले होते ती हेस अँड आयझेनहार्टने तयार केलेली, आणि त्याच दिवशी डॅलसमधल्या हॉस्पिटलमधून त्यांचा देह ज्या गाडीतून विमानतळावर नेला ती १९६४ ची मिलर-मिटीऑर कॅडिलॅक. दोन्ही गाड्या याच रस्त्याच्या काठावरच्या. मी पिक्वावरून जातो तेव्हा दर वेळी हे आठवतं.

आता माझ्या गाडीकडे येतो. कॅडिलॅक या कोचबिल्डर लोकांना (म्हणजे गाडीची बॉडी बांधणाऱ्यांना) कमर्शियल चासी पाठवायची, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे फेंडर, बॉनेट, डॅशबोर्ड हे सगळं लागलेलं आणि मागे नुसती मजबूत फ्रेम. १९६९ च्या साध्या कॅडिलॅक डेव्हिलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १२९.५ इंच आणि या चासीचा १५६ इंच, म्हणजे दोन फुटांहून जास्त फरक. माझी अख्खी गाडी २० फुटांच्या वर जाते, घरच्या गॅरेजमधे मावायचा प्रश्नच नाही, म्हणून एका शेतकऱ्याच्या बार्नमधे भाड्याने ठेवलीय. ४७२ क्युबिक इंचाचं म्हणजे ७.७ लिटरचं व्ही-८ आहे, क्वाड्राजेट कार्बोरेटर रिबिल्ड केल्यावर पहिल्या काही सेकंदांत चालू होतं, त्या बाजूने काहीच चिंता नाही. इंजिनचे, ब्रेकचे, सस्पेन्शनचे पार्ट आजही मिळतात कारण ते कॅडिलॅकचेच आहेत. खरी लढाई दाराच्या मागे सुरू होते. तिथलं प्रत्येक पत्र्याचं काम, प्रत्येक रबर, टेलगेटचं बिजागर हे लायमात हाताने बसवलेलं, आणि ते कुठल्याही कॅटलॉगमधे मिळत नाही.

या हिवाळ्यात मी डेक पूर्ण बाहेर काढला. दोघं मित्र मदतीला आले होते, स्क्रू बरेचसे गंजून अडकलेले, एकेकाला आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं होतं म्हणून सुटले. फुलांचं पाणी ठिबकतं म्हणून डेकला निचऱ्याची भोकं असतात आणि त्यांना खाली रबरी नळ्या जोडलेल्या, त्या नळ्या पानं आणि मातीने कधीच्या तुंबलेल्या होत्या, मग पाणी जाणार कुठे, ते आत फ्लोअरवर साठत राहिलं. डावीकडचा कोपरा बोटाने दाबला तर आत गेला. पण फ्रेम ठोकून बघितली, सगळीकडे खणखणीत आवाज आला, तेव्हा जीवात जीव आला!

आणि डेक उलटा केल्यावर खालच्या बाजूला पिवळ्या खडूने लिहिलेला नंबर सापडला, तो दाराच्या कडेच्या सुपीरियरच्या प्लेटवरच्या बॉडी नंबरशी जुळतो. मला याचा किती आनंद झाला सांगता येत नाही. कारण बाजारात फ्लॉवर कार म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गाड्या नंतर कुणीतरी शववाहिकेचं छत कापून केलेल्या असतात. घ्यायला जाल तेव्हा चकचकीत पेंट बघू नका, आधी प्लेट बघा, मग केबिनच्या मागच्या भिंतीचा जोड बघा. कारखान्यात झालेल्या कामात सांधा शिशाने भरून फाइल केलेला असतो, नंतर कापलेल्या गाडीत तिथे पुटीचा जाड थर निघतो.

माझा निर्णय असा झालाय की दाराच्या मागचं काहीही शक्यतो बदलायचं नाही. डेकवर फुलांच्या स्टँडचे आणि टोपल्यांचे वर्षानुवर्षांचे ओरखडे आहेत, एका ओळखीच्या पॉलिशवाल्याने आरसा करून देतो म्हणून सांगितलं पण मी नको म्हटलं. साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला, बस. ते ओरखडे म्हणजे गाडीने केलेलं काम आहे. फ्लोअरचा सडलेला तुकडा तेवढाच कापून नवा पत्रा वेल्ड करणार, छताचं कन्व्हर्टिबलसारखं दिसणारं कापड फाटलेलं नाही त्यामुळे ते तसंच राहील. टेलगेट बसवताना लायमातल्या कामगारांनी वॉशरचे पातळ थर घालून गॅप जुळवलेत, ते प्रत्येक ठिकाणचे मोजून, फोटो काढून, वेगवेगळ्या पिशव्यांत नाव घालून ठेवलेत. कामगाराच्या नजरेने जुळवलेली ती गॅप परत तशीच आली पाहिजे.

गावाकडच्या नातेवाईकांना हा छंद अशुभ वाटतो, आणि मला त्यांचं वाटणं समजतं. पण मी त्यांना एकच सांगतो की या गाडीने कुणाच्या तरी शेवटच्या प्रवासात फुलं नीट पोचवली, ते काम कुणीतरी इतकं मन लावून बांधलं, ते भंगारात जाऊ द्यायचं का. या गाड्या भंगारातच गेल्यात हो, किंवा डिमॉलिशन डर्बीत, म्हणजे गाड्या मुद्दाम धडकवायच्या खेळात, एकमेकांवर आपटून संपल्यात, कारण जड फ्रेम म्हणून तिथे मागणी असायची.

पुढची इच्छा कॉम्बिनेशन कारची, म्हणजे शववाहिका आणि अँब्युलन्स एकाच गाडीत. फ्लोअरमधले रोलर उलटे केले की सपाट जमीन, वर काढता-घालता येणारा लाल दिवा. १९६६ च्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालात लिहिलंय की देशातली जवळपास निम्मी अँब्युलन्स सेवा १२,००० फ्युनरल होमवाले चालवत होते, कारण माणूस आडवा झोपवता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची. १९७४ मधे अँब्युलन्ससाठी केंद्र सरकारचे नवे निकष आले आणि तो सगळा प्रकारच काही वर्षांत संपला. इंडियानात एक बघून ठेवलीय, मालक अजून विकायला तयार नाही, मी घाई करत नाहीये.

पुढच्या महिन्यात वेल्डिंग, मग नळ्या नव्या, मग डेक परत जागेवर. कुणाकडे १९६७ ते १९७० च्या सुपीरियरच्या टेलगेटचं खालचं रबर असेल, तुटकं असलं तरी चालेल, मला फक्त त्याचा आकार बघून साचा करायचाय, तर नक्की कळवा. टपालखर्च माझा.