निवळ पाण्याचा रिपोर्ट

परतीच्या पावसाचे दिवस. सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर पाण्याचे नमुने घ्यायला मी दुसऱ्यांदा गेले होते. वर डोंगरात लोहखनिजाची खाण, तिच्या टाकाऊ मातीचे ढीग आणि ढिगांखालून येणारा लालभडक व्हाळ, म्हणजे ओढा. पहिल्या रिपोर्टावर सही माझीच होती: तरंगता गाळ मर्यादेत. तो नमुना खाडीच्या मुखाशी घेतला होता, कारण गाडी तिथवर जात होती.

ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या एका काकीनं विचारलं, "बाय, व्हाळात पाणी लाल, हय खाडीत निवळ. मगे ता लाल गेला खंय?"

एम.एस्सी.ला कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण, शिकलेल्या बाईला हा प्रश्न आधीच पडायला हवा होता. आदल्या दिवशी भरलेली व्हाळाच्या पाण्याची बाटली बॅगेत होती. रात्रभर टेबलावर ठेवूनही निवळली नव्हती. ती निम्मी ओतली, खाडीचं पाणी भरलं, हलवून दगडावर ठेवली. थोड्या वेळात पाण्यात रव्यासारखे कण दिसू लागले. काकीनं पाटी खाली ठेवली. अर्ध्या तासात वरचं पाणी फिक्कट, तळाशी लाल लगदा.

मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. लोहाच्या ऑक्साइडवर तो एरवी धन असायचा, पण कुजलेल्या पाल्याचा लेप बसला की तोही ऋण होतो. पावसाच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून कण एकमेकांना दूर लोटत दिवसचे दिवस तरंगतात. खाऱ्या पाण्यातले सोडियम, मॅग्नेशियम त्या भाराला गराडा घालतात, त्याचा पल्ला आखडतो आणि कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम मीठ; इथे दोनेक ग्रॅमही पुरतं.

"बाटली रवांदे, हय बघ," म्हणत काकीनं चिखलात हात घातला. खाली जुना काळा चिखल, वर चार बोटं लाल, लोण्यासारखा. पाटीतल्या निम्म्या तिसऱ्यांत नुसता गाळ.

नव्या रिपोर्टात व्हाळाचे आणि चिखलाचे नमुने घातले, पहिला मागे घेतल्याचं पत्र जोडलं. साहेबांनी विचारलं, "तेव्हा आकडा चुकला होता का?"

"नाही सर. जागा चुकली."

पत्र अजून त्यांच्या टेबलावर आहे.